जांभळीच्या माळावर कोणी राहत नाही

"शर्ट काढ."

सर कन्नडमध्ये म्हणाले. मी हललो नाही.

"अरे, काढ की. इथं कोण तुला खाणार आहे?"

हॉल भरलेला होता. बेंगळुरूच्या मल्लेश्वरममधली एक संशोधन संस्था. लिहायला फळी असलेल्या खुर्च्या, त्यांवर विद्यार्थी, पहिल्या रांगेत दोन गोरे पाहुणे. मी विशीतसुद्धा नव्हतो. अंगावरचा शर्ट नवा होता. आदल्या दिवशी सरांनीच चामराजपेटच्या एका दुकानातून घेऊन दिला होता. मला वाटलं होतं, शहरात आलो म्हणून घेतला. चार लोकांसमोर काढायला लावायचा तर तो बरा असावा, एवढ्यासाठी तो घेतला होता.

मी शर्ट काढला. घडी करून हातात धरला. एका मुलीनं पुढं येऊन तो माझ्या हातातून घेतला आणि टेबलावर टाकला.

सरांनी लोखंडी चिमटा उचलला. डोकं मोजायचा. कपाळ आणि मागची कवटी, मधे माझं डोकं. आकडा इंग्रजीत मोठ्यानं सांगितला. कोणीतरी लिहून घेतला. मग नाक. मग जबडा. चिमटा थंड होता आणि सरांच्या बोटांना साबणाचा वास येत होता. आमच्यात म्हैस घेताना शिंगं चाचपतात, दात बघतात, कास दाबून बघतात. पण आधी तिला थोपटतात. दोन शब्द बोलतात तिच्याशी.

"आता हाक मार," सर म्हणाले. "संध्याकाळी म्हशींना मारतोस तशी."

मी मारली. बंद हॉलात ती हाक विचित्र घुमली. कुणीतरी हसलं, मग सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. गोऱ्या पाहुण्यांनी जास्त वेळ वाजवल्या. मीही हसलो. तेच मला आजवर जास्त लागतं. मीही हसलो.

मी गवळी. कर्नाटकाच्या उत्तरेला, घाटाच्या रानात, म्हशी घेऊन राहणारी आमची माणसं. घरात मराठी, बाजारात कन्नड. आमच्यातला तालुक्याच्या शाळेत शिकलेला मी एकटाच. त्यामुळं सर रानात आले तेव्हा दुभाष्या म्हणून त्यांनी मला धरलं. सर मानवशास्त्राचे. जंगलात राहणारी माणसं जमीन, गवत, पाणी कसं वापरतात आणि त्यावर त्यांचा हक्क काय, हा त्यांचा विषय. आमच्या हक्काबद्दल ते पुस्तक लिहिणार होते. मला तेव्हा त्याचा केवढा अभिमान वाटला होता.

त्या दिवशी हॉलातून बाहेर आल्यावर कँटीनमध्ये एका विद्यार्थ्यानं मला विचारलं, "तूपण त्या गवताच्या खोपीत राहतोस?"

मी म्हणालो, "नाही. आमचं कौलारू घर आहे. तालुक्याला. म्हशी वगैरे आमच्या नातेवाइकांच्या."

का म्हणालो? अंगावर शर्ट परत चढवला होता, पण उघडा असल्यासारखंच वाटत होतं. ते कौलारू घर मी पांघरलं. आमच्या कुळात कोणाचं कौलारू घर नव्हतं. ती थाप सरांच्या कानावर गेली. सर म्हणाले, "अस्सं? मग तू बराच सुधारलेला आहेस." त्यांच्या तोंडून निघालेला तो माझ्याविषयीचा पहिला बरा शब्द.

पुढचं सगळं त्या थापेतून झालं. मी आज सत्तरी ओलांडून बसलो आहे आणि ते पहिल्यांदा लिहितो आहे.

आमचा गवळीवाडा एका जागी कायम नसायचा. गवत दमलं की माणसांनी उठायचं. असं आमची म्हातारी माणसं म्हणत, गवत दमलं. मग गोठ्यातलं सगळं खत उतारावर पसरायचं, झऱ्यातला गाळ काढायचा, खोपी उतरवायच्या, वासे खांद्यावर घेऊन आपल्याच दुसऱ्या माळावर जायचं. सोडलेल्या माळाकडं काही वर्षं कोणी म्हैस वळवायची नाही. तिथं गवत पुन्हा गुडघ्याला लागलं, कारवी दाटली, की परत यायचं. आजा तसाच फिरला, बाप तसाच फिरला. माळ ठरलेले, झरे ठरलेले. एका कुळाच्या माळावर दुसरं कुळ उतरायचं नाही.

आणि उठताना एक गोष्ट घरच्या बाईनं करायची. चुलीचे तीन दगड ती उपटायची, काळी बाजू खाली करून तिथंच पुरायची, वरून शेणानं सारवायची. नव्या माळावर नवे दगड. जुने तिथंच थांबायचे. परत आल्यावर तिनंच, किंवा ती नसेल तर तिच्या लेकीनं, ते काढायचे आणि त्याच दिवशी त्यांवर दूध उतू घालवायचं. मधल्या काळात ते कोणाला दाखवायचे नाहीत. परक्याला तर नाहीच. चूल म्हणजे घर. पुरलेली चूल म्हणजे कुलूप लावून ठेवलेलं घर.

जांभळीच्या माळावर आमची चूल होती. मी तिथंच जन्मलो.

त्या हिवाळ्यात सर विद्यार्थ्यांना घेऊन रानात आले. जीप, नकाशे, तंबू. मी पुढं चालत होतो. आदल्या दिवशी एका वाड्यावर मी सरांना पारडू जन्मल्यावर आम्ही काय करतो ते सांगितलं होतं. जीपमध्ये बसल्यावर सरांनी ते इंग्रजीत विद्यार्थ्यांना सांगितलं आणि सगळे डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मला इंग्रजी कळत नव्हतं. हसणं कळत होतं.

जांभळीचा माळ तेव्हा मोकळा होता. आमचा वाडा दोन टेकड्यांपलीकडं होता. गवत नुकतं उठत होतं. सर मध्यभागी उभे राहिले. मी बघितलं तर त्यांचा बूट जिथं होता तिथून हातभर अंतरावर माझ्या आईची चूल. मला जागा न बघता सांगता आली असती. तिथंच तर मी पहिल्यांदा भाजलो होतो. डाव्या मनगटावर अजून डाग आहे.

"इथं कोण राहतं?" सरांनी विचारलं.

"कोणी राहत नाही, सर."

"पूर्वी?"

आता बघा. इथं मी गप्प राहू शकलो असतो. आमच्या रीतीप्रमाणं मला दगडांबद्दल बोलायचं नव्हतंच. मी एवढं म्हणू शकलो असतो की, होते लोक, परत येतील. त्याला कुठलीच रीत आड येत नव्हती. पण मग त्यांनी विचारलं असतं, कोण लोक? आणि ते विद्यार्थी तिथं उभे होते. तो कँटीनमधला पण होता.

"म्हशी चरायला आल्या असतील कधी, सर. वस्ती नव्हती."

"सरी, ठीक," सर म्हणाले आणि नकाशावर पेन्सिलीनं खूण केली.

पुढच्या माळावर तेच विचारलं. मी तेच सांगितलं. एकदा म्हटल्यावर सोपं गेलं.

सरांचं पुस्तक निघालं. त्यात आम्ही फिरस्ते होतो. एका जागेचं गवत संपवून पुढं जाणारे, कुठंच घर नसलेले. वनखात्यानं ते वाचलं. त्यांना तेवढंच पाहिजे होतं. मोकळ्या माळांवर कुंपणं पडली, आत सागाची रोपं लावली. आमची माणसं परतीच्या वेळी कुंपणापर्यंत आली आणि बाहेर उभी राहिली. म्हशी पण उभ्या राहिल्या. मग सगळी रस्त्याकडेला सरकली. अजून तिथंच आहेत.

आणि मी बेंगळुरूला. सरांनी मला संस्थेच्या संग्रहालयात लावून दिलं. काचेच्या कपाटांची धूळ पुसायची, शाळेच्या सहली आल्या की दारं उघडायची. एका कपाटात आमची रवी होती, म्हशीची घंटा होती, खोपीचा छोटा नमुना होता. खाली पाटी, आमच्या जातीचं नाव. रोज सकाळी ती काच मी पुसत होतो. शाळेची मुलं विचारायची, "अंकल, ही माणसं अजून आहेत का?" मी म्हणायचो, "आहेत, लांब." निवृत्त होईपर्यंत मी लांब म्हणत राहिलो.

लग्न केलं, चामराजपेटला दोन खोल्या घेतल्या, मुलगा शिकवला. त्याच्या कॉलेजच्या प्रवेशाला सरांची चिठ्ठी उपयोगी पडली. बायको गेली. मुलगा महेश आता एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. त्याला गवळी म्हणजे दूधवाला एवढंच माहीत. तो दोष त्याचा नाही.

गेल्या वर्षी माझी थोरली बहीण आली. आक्का. मोतिबिंदू काढलेले डोळे, हातात कापडी पिशवी, रात्रभर एसटीत बसून सकाळी दारात. जिना चढून दम लागला होता.

"किती ह्या पायऱ्या! म्हसरंबी चढणार न्हाईत."

महेश ऑफिसला निघाला होता. "सॉरी आत्या, लिफ्ट नाहीये इथं."

"लिफ्ट कशाला बाबा? तुझा बाप जरा खाली आला असता तर झालं असतं की."

महेश हसत गेला. मी चहा टाकला. आक्कानं पिशवी खाली ठेवली नाही. मांडीवर घेऊन बसली.

जंगलात राहणाऱ्यांना हक्क देणारा कायदा आल्यावर आमच्या माणसांनी माळांसाठी दावे केले होते. अनुसूचित जमातीत आम्हाला घेतलेलं नाही, म्हणून आम्हाला तीन पिढ्यांची वस्ती दाखवावी लागते. ते दावे कित्येक वर्षं पडून होते. आता रस्त्याकडेच्या खोपींनापण उठायला सांगितलं होतं. वाघांसाठी रान मोकळं करायचं होतं. एक समिती नेमली होती, ती बेंगळुरूत बसून तज्ज्ञांचं ऐकणार आणि ठरवणार. आमचे माळ आमचे ठरले तर माणसं राहणार. नाहीतर ट्रकात घालून दूरच्या कुठल्यातरी धरणाजवळच्या पत्र्याच्या वसाहतीत. म्हशींना तिथं जागा नाही, असं आधीच सांगितलेलं.

"वकीलबाईनं वाचून दाखवलं," आक्का म्हणाली. "तुझ्या त्या सायबाच्या पुस्तकात लिवलंय, जांभळीच्या माळावर वस्ती न्हवती. तू त्याच्यासंगं होतास नव्हं?"

"होतो."

"मग त्यानं असं कसं लिवलं?"

चहा उतू गेला. मी गॅस बंद केला. तिच्याकडं पाठ करूनच बोललो.

"मी सांगितलं म्हणून."

"काय सांगितलंस?"

"वस्ती नव्हती म्हणून."

"आई राहत होती तिथं."

"व्हय."

"माझं पहिलं पोर तिथं झालं."

"व्हय."

"तूबी तिथंच जन्मलास की रे."

"व्हय."

मग मी तिला सगळं सांगितलं. हॉल, शर्ट, चिमटा, हाक, टाळ्या, कौलारू घर. मला वाटलं, ती म्हणेल, जाऊ दे, लहान होतास. ती म्हणाली नाही. खूप वेळ पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत राहिली.

"आई जाताना दगडांचंच बोलत होती," ती म्हणाली. "माझी चूल तिथं राहिली, म्हणायची. मी तिला म्हणलं, धाकटा मोठ्या सायबापाशी हाय, तो वाट काढंल. असं म्हणून म्हणून तिला झोपवायची मी."

चहा तिनं घेतला नाही. आमच्यात बहीण भावाच्या घरी पाणीसुद्धा न घेता बसते तेव्हा काय समजायचं ते मला सांगावं लागत नाही.

दुसऱ्या दिवशी सरांचा फोन आला. आवाज पातळ झाला होता, हुकूम तोच. "समितीपुढं मला बोलवलंय. तू येणार आहेस. तू त्यांच्यातलाच, तू सांगितलंस की प्रश्न मिटतो. आधी घरी येऊन जा."

मी गेलो. मेट्रोतून उतरून सरांच्या घरापर्यंत चालत गेलो. सर आरामखुर्चीत बसले होते, गळ्याभोवती मफलर. सरांची कॉफी स्टीलच्या पेल्यात आली. माझी काचेच्या. इतकी वर्षं माझी काचेच्याच पेल्यात येते आणि तो पेला धुऊन मागच्या कट्ट्यावर वेगळा पालथा ठेवतात. मी कधी बोललो नाही.

"सर, मला सांगायचंय काहीतरी," मी म्हणालो. "जांभळीच्या माळावर आमची वस्ती होती. आमचीच. मी तुम्हाला खोटं सांगितलं."

मला वाटलं होतं, सर ओरडतील. त्यांच्या आयुष्यभराच्या कामाला मी सुरुंग लावत होतो. सरांनी कॉफीचा घोट घेतला.

"मला ठाऊक होतं."

"काय?"

"माती काळी होती तिथं. गोठा असतो तिथंच उगवतं ते तणही होतं. मी काय आंधळा होतो?"

"मग तुम्ही लिहिलं का नाही?"

"तू नाही म्हणालास. माहितगार जे सांगतो ते लिहायचं, ही आमची पद्धत." पेला खाली ठेवला. "आणि खरं सांगू? पुस्तक फिरस्त्या लोकांवर होतं. घर असलेल्या लोकांचं काय लिहिणार? तू नाही म्हणालास ते मला बरं पडलं."

उभं आयुष्य मी एक गोष्ट छातीशी धरून फिरलो होतो. झोपेत, लग्नाच्या मांडवात, आईच्या चितेपुढं. मी एका मोठ्या माणसाला फसवलं, त्यामुळं माझी माणसं देशोधडीला लागली, असं. आणि तो मोठा माणूस फसलाच नव्हता. त्यानं माझं खोटं ओळखलं, उचललं, आणि वापरलं. माझी लाज त्याला सोयीची पडली. माझा गुन्हा यानं कमी होत नाही. पण तो गुन्हा दोघांचा होता. त्यानं पुस्तक घेतलं आणि गुन्हा सगळा माझ्याकडं ठेवला.

"आता जुनं काही उकरू नकोस," सर म्हणाले. "परवा पहिलं होतं तेच सांग. माझं वय बघ. तुझी नोकरी, तुझ्या मुलाचं शिक्षण, सगळं जरा आठव. तुला माणूस कोणी केलं? सरी?"

माझी मान हलली. होकारार्थी. सवयीनं. घरी येईपर्यंत मी त्या मानेला शिव्या घालत होतो.

समिती त्याच संस्थेत बसली. त्याच हॉलात. खुर्च्या आता गादीच्या होत्या, वर थंड हवेचं यंत्र, भिंतीवर पडदा. अध्यक्ष निवृत्त अधिकारी. सर पहिल्या रांगेत, चाकाच्या खुर्चीवर. आक्का आणि वाड्यावरची काही माणसं मागच्या भिंतीला टेकून उभी. बसायला कोणी सांगितलं नव्हतं. आक्काची बोली समितीला कळेना, वकीलबाईंना मधे बोलू देईनात, म्हणून दुभाष्या म्हणून मलाच पुढं बोलावलं. म्हातारपणी परत तेच काम.

"तिला विचारा," अध्यक्ष म्हणाले, "वस्ती होती तर खुणा कुठं आहेत? भिंत, जोतं, विहीर, काही?"

मी विचारलं. आक्का म्हणाली, "हायत की. जमिनीत."

मी सांगितलं.

"जमिनीत म्हणजे? पाताळात?" समितीतला एकजण म्हणाला. हॉल हसला.

"मग पाताळाचा दावा वेगळ्या खात्यात," दुसरा म्हणाला. आणखी हसले. आक्काला कन्नड फारसं येत नाही. ती माझ्या तोंडाकडं बघत होती, मी काय सांगतो म्हणून. मी काय सांगणार होतो तिला? की हे हसतायत?

ती माझ्या तोंडाकडं बघत होती आणि मला जीपमधला मी आठवलो. हसणं तिलाही कळत होतं.

अध्यक्ष माझ्याकडं वळले. "तुम्ही स्वतः त्या वेळी सर्वेक्षणात होता. तुम्ही शिकलेले आहात. तुम्हीच सांगून टाका. होती वस्ती?"

"होती," मी म्हणालो. "माझा जन्म तिथला. पुस्तकात लिहिलंय ते मी सांगितलेलं. मी खोटं सांगितलं. याच हॉलात मला उघडं करून माझं डोकं मोजलं होतं, त्यानंतर मला माझ्या आईची लाज वाटायला लागली. म्हणून सांगितलं. आणि सरांना ते खोटं आहे हे माहीत होतं. परवा त्यांनीच मला सांगितलं."

"कूतको," सर म्हणाले. खाली बस. आवाज चिरका, पण सगळ्यांना ऐकू गेला. "निनगेनु गोत्तु? तुला काय कळतं यातलं? म्हातारपणी भ्रमिष्ट झालाय हा."

उभ्या आयुष्यात सरांनी बस म्हटलं आणि मी बसलो नाही असं झालं नव्हतं. मी बसलो नाही. मी टेबल धरून उभा राहिलो.

अध्यक्षांनी चष्मा काढला. "म्हणजे तुम्ही खोटं बोलता हे तुम्हीच कबूल करताय."

"बोललो होतो."

"आणि दावेदारांमध्ये तुमची सख्खी बहीण आहे. मग तुमचं आताचं म्हणणं आम्ही कसं धरायचं?"

"तेव्हाही ती माझी सख्खी बहीणच होती," मी म्हणालो. "तेव्हाचं म्हणणं कसं धरलंत?"

टंकलेखन करणाऱ्या मुलीनं अध्यक्षांकडं पाहिलं. अध्यक्षांनी हातानं खूण केली, हे नको. तिनं बोटं उचलली. माझं खोटं छापून आलं होतं, त्याच्या आवृत्त्या निघाल्या होत्या. माझं खरं त्या मुलीच्या मशिनपर्यंतसुद्धा पोचलं नाही. जेवणाची सुट्टी जाहीर झाली. पुऱ्यांचा वास येत होता. सरांची खुर्ची ढकलत कोणीतरी बाहेर नेली, ते माझ्याकडं न बघता गेले.

निकाल काही आठवड्यांनी कळला. वस्ती सिद्ध होत नाही.

सुनावणीच्या त्या दुपारी मात्र आम्ही संस्थेबाहेर झाडाखाली उभे होतो. वकीलबाई तरुण, धारवाडकडच्या, आमची बोली बोलणाऱ्या. त्यांना आक्कानं दगडांचं सांगितलं नव्हतं. मी सांगितलं. रीत मोडून सांगितलं. त्यांचे डोळे चमकले.

"अज्जा, हे आधी का नाही सांगितलं? पंचांसमोर खणू. व्हिडिओ काढू. राखेची तपासणी होते, किती जुनी ते कळतं. निकाल उलटा लागला तर अपिलात जाता येईल आपल्याला."

"न्हाई," आक्का म्हणाली.

"आक्का, अगं पुरावा आहे तो," मी म्हणालो. "एकदाच. वाडा वाचेल."

"ती दगडं दाखवायला काढायची न्हाईत. राहायला काढायची."

"पण आत जाऊ देत नाहीत आपल्याला."

"दाखवायला जाऊ देतील व्हय? पंच येणार, सायेब येणार, आईची चूल मोजणार. तुझं डोस्कं मोजलं, आता ते मोजायचं? मग नेतील उचलून, आणि ठेवतील तुझ्या त्या काचेच्या कपाटात. तू पुसत बस."

वकीलबाईंनी वही मिटली.

"मग काय करायचं?" मी विचारलं.

"करायचं काय! जायाचं आणि राहायचं. चूल पेटवायची. म्हसरं हायत तेवढी घेऊन. पकडूंदेत."

"आक्का, आत गेलात तर गुन्हा होतो," वकीलबाई म्हणाल्या. "जामीन मिळायला वेळ लागेल. आणि दाव्यावरही परिणाम होईल, हे मला सांगितलंच पाहिजे."

"दावा हाय कुठं आता, बाय?"

मी म्हणालो, "मला येऊ दे."

आक्कानं माझ्याकडं वरपासून खालपर्यंत पाहिलं. इस्त्रीचा शर्ट, पायात बूट.

"ये. पर दगडांना हात लावायचा न्हाईस तू. खोपीतबी झोपायचं न्हाई. बाहेर म्हसरांत."

"बरं."

"आणि मी तुला माफ केलं असं समजू नको."

"नाही समजत."

निकाल आला तेव्हा वाड्याची बैठक बसली आणि ठरलं. किती घरं येतील माहीत नाही. जवान पोरं गोव्याच्या हॉटेलांत भांडी घासतात, त्यांतली काही येतो म्हणाली खरी, पण येतीलच असं नाही. कदाचित आक्का, मी, आणखी दोनचार म्हातारी, आणि उरलेल्या म्हशी. पहिल्याच दिवशी उचलून नेतील. सागाच्या मुळांनी दगड हलवले असतील, सापडणारही नाहीत. आक्काला ते माहीत आहे. म्हणाली, खणत बसेन.

महेशनं ऐकलं तेव्हा आधी त्याला थट्टा वाटली. मग चिडला. "अप्पा, हे काय वय आहे का? अरेस्ट करतील तुम्हाला. बीपीच्या गोळ्या कोण देणार तिथं? आणि त्या सरांनी आपल्यासाठी इतकं केलंय, लोक काय म्हणतील?" मी त्याला बसवलं आणि हे सगळं सांगितलं, जसं इथं लिहिलं आहे तसं. तो म्हणाला, "आजीचं घर गवताचं होतं, हे मला का नाही सांगितलंत कधी?" कौलारू घर मी त्यालाही दिलं होतं.

हे मराठीत लिहितो आहे, कारण सरांचं पुस्तक इंग्रजीत आहे आणि त्यात माझ्या माणसांच्या तोंडचं एक वाक्य नाही. जे कोणी उद्या त्या पुस्तकाचा दाखला देतील त्यांच्यासाठी माझं म्हणणं असं: जांभळीचा माळ आमचा. बाकीचे माळही आमचे. तिथं वस्ती होती, नांदती वस्ती. मी नाही म्हणालो ते भीतीनं आणि लाजेनं, आणि लिहिणाऱ्यानं ते जाणूनबुजून लिहिलं. समितीनं हे नोंदवलं नाही. मी नोंदवतो आहे.

यानं काही परत मिळणार नाही. आई मेली ती रस्त्याकडेला. आक्काचा नवरा गेला, म्हशी गेल्या, पोरं गेली. माझ्या खऱ्याला आता किंमत नाही, ती मीच घालवली. पण अंग अजून चालतं. ते तरी त्या माळावर नेऊन उभं करता येईल.

गवत वाळायच्या आत आम्ही आत जातो आहोत. धरलं तर मी पळणार नाही. माफीनामा लिहून देणार नाही. वकीलबाईंना सांगून ठेवलं आहे, आक्काचा जामीन आधी बघा, माझा मागूच नका. सोडलं तर परत त्याच माळावर जाईन.

बूट महेशला देऊन टाकले आहेत.